डोक्याला पट्टा आवळल्यासारखं रोज दुखतं: सुया लावाव्यात का?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमचं गाव राळेगाव तालुक्यात, पत्नीचं वय ३६. दीड वर्षापासून त्यांचं डोकं जवळजवळ रोज दुखतं. मानेच्या मागून सुरू होतं, दुपारनंतर वाढतं आणि संध्याकाळी कपाळापर्यंत कुणी पट्टा आवळल्यासारखं होतं. सीटी स्कॅन केला, त्यात काही निघालं नाही. मेडिकलमधून आणलेली डोकेदुखीची गोळी दिवसाला एक, कधी दोन चालू आहेत. वेचणीच्या दिवसांत त्या वावरात असतात, एरवी घरी शिलाई मशीन चालवतात. आता कुणीतरी सांगितलंय की अॅक्युपंक्चरच्या, म्हणजे सुयांच्या उपचाराच्या पंधरा सिटिंगमध्ये दुखणं मुळापासून जाईल, पैसे मात्र सगळे आधी भरायचे. सुयांनी खरंच फरक पडतो का, किती वेळा यावं लागेल, धोका किती, असं तुम्ही विचारलंय.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बरीच वर्षं अॅक्युपंक्चर करते. माझ्याकडे येणाऱ्यांत डोकेदुखी आणि मानदुखीचेच लोक जास्त. त्या अनुभवावर सांगते, की तुम्ही वर्णन केलंय तशी डोकेदुखी असेल तर सुयांनी आराम पडायची शक्यता चांगली आहे. पण तुमच्या घरचा खरा प्रश्न रोजच्या गोळीचा आहे. तो बाजूला ठेवून सुया लावल्या तर पैसे आणि एसटीच्या चकरा दोन्ही वाया जातील. आणि पंधरा सिटिंगचे पैसे एकदम भरू नका, कुणीही मागितले तरी.

आधी हे दुखणं नेमकं कोणतं, ते बघू. ताणाची डोकेदुखी दोन्ही बाजूंना असते, दाबल्यासारखी किंवा आवळल्यासारखी असते, ठणकत नाही. आमच्याकडच्या बाया सांगतात, "डोक्याले दोरी बांधल्यावानी वाटते बाई, पण काम करता येते." हे "काम करता येते" फार महत्त्वाचं आहे. जिना चढल्याने, पाणी भरल्याने ही डोकेदुखी फारशी वाढत नाही. मळमळ, उलटी नसते. उजेड किंवा आवाज यांपैकी एखादी गोष्ट थोडी सहन होत नसेल, दोन्ही मात्र सहसा नाही. अर्धशिशी वेगळी. तिच्यात बहुतेक वेळा एक बाजू ठणकते, उलटी होते, माणूस अंधाऱ्या खोलीत जाऊन पडतो. पुष्कळ बायकांना दोन्ही असतात, म्हणून महिन्यातून एखादा दिवस अगदी निराळं, आडवं पाडणारं दुखणं येतं का, हे पत्नीला मुद्दाम विचारा. अर्धशिशीतही सुयांचा उपयोग होतो, पण तिची औषधं वेगळी असतात आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची.

महिन्यात १५ किंवा त्याहून जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चालत असेल तर त्या ताणाच्या डोकेदुखीला जुनाट म्हणतात. तुमच्या पत्नीची त्यातच बसते.

आता गोळी. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ दिवस किंवा त्याहून जास्त, किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी १० दिवस किंवा त्याहून जास्त, असं तीन महिन्यांहून अधिक काळ घेतलं की गोळीच डोकेदुखी टिकवून धरू लागते. असर उतरला की डोकं दुखतं, दुखलं की पुन्हा गोळी. ज्या घरात डोकेदुखी "कशानेच जात नाही" असं सांगतात, तिथे मी पहिल्यांदा घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं मागते. मेडिकलमधून सुटी गोळी मिळते, कधी किराणा दुकानातही मिळते. त्यामुळे ती औषध आहे असं कुणाला वाटतच नाही, चहासारखी घेतली जाते. वरून काहींच्यात चहात असतं तेच कॅफीन असतं. ते एकदम बंद झालं तरी डोकं धरतं.

साधी वेदनाशामक असेल तर ती एकदम थांबवता येते. मात्र त्यानंतरचे दोन ते दहा दिवस वाईट जातात, डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं. हे घरातल्या सगळ्यांना आधी माहीत हवं, नाहीतर तिसऱ्याच दिवशी सासूबाई मायेने गोळी आणून देतात. झोपेची किंवा अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करायची. या वाईट दिवसांत मी सुया जरा लवकर लवकर लावते. माणसाला गोळीशिवाय तग धरायला तेव्हा आधार लागतो, आणि माझ्या मते जुनाट डोकेदुखीत अॅक्युपंक्चरचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे. डॉक्टर काही जणांना रात्री अगदी कमी मात्रेत अॅमिट्रिप्टिलिन देतात. ते डोकेदुखी वारंवार येऊ नये म्हणून असतं, आणि ते चालू असताना सुया लावायला अडचण नाही.

काही डोकेदुखींना मी सुई लावतच नाही, थेट दवाखान्यात पाठवते. एकाएकी, काही क्षणांत टोकाला पोचलेलं दुखणं. ताप आणि मान आखडणं. हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, एकाचे दोन दिसणं. डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं. खोकताना, वाकताना वाढणारं आणि दर आठवड्याला चढत जाणारं. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर लगेच आलेलं, कारण तिथे आधी रक्तदाब बघायचा असतो. आपल्या भागातल्या दोन गोष्टी यात जोडते. पूर्व विदर्भात सिकलसेलचे, म्हणजे रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत, आणि सिकलसेल असलेल्या मुलाचं डोकं जोरात दुखायला लागलं तर तो मेंदूचा झटका असू शकतो. आणि गडचिरोली-गोंदियाकडे ताप आणि डोकेदुखी एकत्र असेल तर आधी मलेरियाची रक्ततपासणी.

फवारणीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तुम्ही पराटीवाले, म्हणजे कापूस पिकवणारे आहात. फवारणी करून आल्यावर, किंवा फवारलेल्या वावरात निंदण करून आल्यावर डोकं दुखतंय आणि त्यासोबत घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, अंधुक दिसणं, मळमळ, अंग फडफडणं यांतलं काही असेल, तर ती विषबाधा आहे. कपडे बदला, साबणाने अंग धुवा, औषधाचा डबा सोबत घ्या आणि तसंच सरकारी दवाखाना गाठा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात अशा विषबाधेने घरंच्या घरं उद्ध्वस्त झाली. त्या वर्षानंतर जुलै ते ऑक्टोबर या काळात डोकं दुखतं म्हणून कुणीही आलं की "काल-परवा फवारलं का, कुणी, कोणतं औषध," हा प्रश्न मी नाडीला हात लावण्याआधी विचारते.

तुमच्या पत्नीच्या वर्णनात यातलं काही दिसत नाही, आणि स्कॅनही झालेला आहे. तरी रक्तदाब एकदा मोजून घ्या, हिमोग्लोबिन बघा आणि चष्म्याचा नंबर तपासा. शिलाई करणाऱ्याला सुईत दोरा ओवताना डोळे बारीक करावे लागत असतील तर कपाळाचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात. एवढं झालं की सुयांकडे यायला हरकत नाही.

मी काय करते ते सांगते, म्हणजे तुम्ही कुठेही गेलात तरी समोरचा काय करतोय ते कळेल. आधी बोटांनी चाचपते. कवटीच्या खालच्या कडेला, मानेच्या दोन्ही बाजूंना खळगे असतात. ताणाच्या डोकेदुखीत तिथे दाबलं की माणूस "हेच, हेच दुखते" म्हणतो, आणि पुष्कळदा ती कळ कपाळात, डोळ्यामागे जाते. यामागे कारण आहे. मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्या-कपाळाची संवेदना नेणारी नस मेंदूच्या तळाशी एकाच ठिकाणी येऊन मिळतात, म्हणून मानेचं दुखणं मेंदूला कपाळाचं वाटतं. ओटी बांधून दिवसभर वाकून कापूस वेचला, संध्याकाळी गाठोडं डोक्यावर घेतलं, रात्री मशीनवर मान खाली घालून बसलं, की हे स्नायू कधी सैल होतच नाहीत.

त्या खळग्यांतल्या बिंदूला फेंगची म्हणतात. तिथे, खांद्याच्या आखडलेल्या भागात, कानशिलावर, टाळूवर, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या हेगू बिंदूवर आणि पायाच्या पंजावर मिळून साधारण आठ-दहा सुया लागतात. सुई अगदी बारीक, पाव मिलिमीटरच्या आसपास. इंजेक्शनच्या सुईसारखी ती आतून पोकळ नसते. टोचताना मुंगी चावल्याएवढं कळतं. मग आत जड, बधिर, ओढल्यासारखं वाटतं. ते वाटणं आम्हाला हवं असतं. वीस ते तीस मिनिटं सुया तशाच ठेवायच्या. मी रुग्णाला झोपवूनच लावते, बसवून नाही, कारण पहिल्या वेळी काहींना चक्कर येते. आणि उपाशीपोटी लावत नाही. पहाटेच्या एसटीने निघालेल्या बाईने काही खाल्लेलं नसतं, तिला आधी पोहे खाऊन यायला सांगते.

यामागचं विज्ञान सगळं उलगडलेलं नाही. सुई लागल्यावर शरीर स्वतःची वेदनाशामक रसायनं सोडतं आणि त्या भागातला आखडलेला स्नायू सैल होतो, एवढं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. फायद्याबद्दल मात्र चांगली पाहणी झालेली आहे. कॉक्रेन ही संस्था जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासते. तिच्या २०१६ च्या आढाव्यात ताणाच्या डोकेदुखीवरचे १२ अभ्यास होते, मिळून २३४९ रुग्ण. त्यांतल्या सगळ्यात मोठ्या अभ्यासात नेहमीच्या उपचाराला सुयांची जोड दिलेल्यांपैकी ४८ टक्के लोकांचे डोकेदुखीचे दिवस निम्मे किंवा त्याहून कमी झाले. सुया न लावलेल्यांत हे प्रमाण १९ टक्के होतं. खोट्या सुयांशी, म्हणजे चुकीच्या जागी किंवा नुसत्या वरवर लावलेल्या सुयांशी, तुलना केली तेव्हा फरक लहान निघाला: खऱ्या सुयांनी ५१ टक्के आणि खोट्या सुयांनी ४३ टक्के. पुढे २०२२ मध्ये चीनमधल्या चेंगडू इथे २१८ रुग्णांवर आठ आठवड्यांत २० सिटिंगचा अभ्यास झाला. त्यात डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर आलेल्यांचं प्रमाण आत जड वाटेपर्यंत लावलेल्या सुयांनी ६८ टक्के आणि वरवरच्या सुयांनी ४८ टक्के निघालं.

मी हे आकडे रुग्णांना असेच सांगते. साधारण निम्म्या लोकांना चांगला फरक पडतो, सगळ्यांना नाही. फायद्यातला काही भाग सुईचा असतो, काही भाग अर्धा तास शांत पडून राहण्याचा आणि कुणीतरी नीट विचारपूस केल्याचा. जिला सकाळी पाचपासून रात्री दहापर्यंत पाठ टेकायला मिळत नाही, तिच्यासाठी तो अर्धा तासही उपचारच आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण "मुळापासून जाईल" असं या आकड्यांतून कुठेही निघत नाही. डोकेदुखीचे दिवस कमी होतात, जोर कमी होतो, गोळी सुटते. पुढच्या हंगामात पुन्हा ताण आला तर दोन-चार सिटिंग परत लागू शकतात.

किती वेळा यायचं? ब्रिटनच्या सरकारी आरोग्य-मार्गदर्शनात जुनाट ताणाच्या डोकेदुखीसाठी पाच ते आठ आठवड्यांत १० पर्यंत सिटिंग सुचवलेल्या आहेत. माझीही पद्धत साधारण तीच: पहिले दोन-तीन आठवडे आठवड्याला दोन, मग एक. सहाव्या सिटिंगला मी थांबून बघते. त्यासाठी घरच्या कालनिर्णयवर रोज खूण करायची. डोकं दुखलं तर फुली, गोळी घेतली तर फुलीभोवती गोल. सुरू करण्याआधीचे दोन आठवडे खुणा असल्या तर फारच चांगलं. सहा सिटिंगनंतर फुल्या आणि गोल दोन्ही तेवढेच असतील तर मी पुढे ओढत नाही, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा नागपूरला सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात दाखवायला सांगते. फक्त "बरं वाटते" यावर जाऊ नका. माणूस भिडेखातरही बरं वाटतं म्हणतो, खास करून पैसे आधी भरलेले असले की.

हे सगळं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. आठवड्यातून दोनदा यवतमाळ किंवा वर्धा म्हणजे दोन दिवसांची मजुरी, भाडं आणि घरचं काम कुणावर तरी टाकणं. वेचणी जोरात असताना सुरू केलंत तर दोन-तीन सिटिंगनंतर खाडे पडतील आणि अर्धवट सोडलेल्या कोर्सचा फायदा कळणारच नाही. तातडीचं काही नसेल तर उलंगवाडी झाल्यावर, म्हणजे कापसाची वेचणी संपल्यावर सुरू करा. तोवर गोळी कमी करायचं काम घरीच सुरू होऊ शकतं. आठवड्याला एकच चक्कर जमत असेल तर तेही चालतं, फक्त निकाल कळायला जास्त आठवडे द्यावे लागतात.

सुया कुणाकडून लावून घ्यायच्या? महाराष्ट्रात अॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखालच्या परिषदेकडे उपचारकाची नोंदणी होते. नोंदणी प्रमाणपत्र दाखवा म्हणायला संकोच करू नका, मला कुणी विचारलं तर मला बरंच वाटतं. या विद्येशी आपल्या मातीचा जुना धागाही आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरच्या कोटणीसांसोबत नागपूरचे चोळकर होते, आणि त्याच पथकातल्या बसूंनी पुढे चीनमध्ये अॅक्युपंक्चर शिकून ते कलकत्त्यात सुरू केलं. असा वारसा असलेलं काम दोन दिवसांच्या शिबिरात शिकून होत नाही.

दुसरं, सुई बंद पाकिटातून तुमच्यासमोर निघाली पाहिजे आणि वापरून झाल्यावर सुयांच्या डब्यात टाकली गेली पाहिजे. "तुमच्या सुया तुमच्याच नावाने डबीत ठेवतो" हे चालवून घेऊ नका. कावीळ बी आणि एचआयव्ही सुईतून पसरतात. थोडं रक्त येणं, काळं-निळं पडणं हे होतं आणि जातं. गंभीर धोका क्वचित, पण आहे: खांद्यावर सरळ खोल सुई गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. सिटिंगनंतर छातीत दुखलं किंवा दम लागला तर तडक रुग्णालय. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी सांगायचं. गरोदरपणात मी हेगू बिंदूला हात लावत नाही.

घरी सुया लावायच्या नाहीत, दाब मात्र देता येतो. कवटीखालच्या त्या दोन खळग्यांत दोन्ही अंगठे ठेवून डोकं थोडं मागे टेकवायचं आणि मिनिटभर हळू दाबायचं, दिवसातून तीन-चार वेळा. हे तुम्हीही त्यांना करून देऊ शकता. मशीनसमोरची बैठक अशी करा की कापड बघायला मान फार खाली घालावी लागणार नाही, आणि अर्ध्या तासाने उठून खांदे फिरवायचे. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तरी डोकं धरतं, आणि पाणी कमी असताना डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला जास्त बाधतात.

एक विचारायचं राहिलं, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. दीड वर्षापूर्वी घरात काय झालं होतं? कर्ज, नापिकी, कुणाचं जाणं, मुलीच्या लग्नाची काळजी? बाई डोकं दुखतं एवढंच सांगते, कारण झोप लागत नाही, काही नकोसं वाटतं, हे सांगायची आपल्याकडे सवय नाही. झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, रडू येत असेल, तर तेही आजारपणच आहे आणि त्यावर उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, आणि टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. एकटं सोडू नये अशी अवस्था वाटली तर सुया, गोळ्या सगळं बाजूला ठेवून आधी तिकडे न्या.

पहिल्या भेटीला जाताना स्कॅनचा कागद, दीड वर्षात घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, सापडतील तेवढी, आणि खुणा केलेलं कॅलेंडर घेऊन जा. सैल बाह्यांचा ब्लाऊज, केस मोकळे सोडता येतील असे. आणि फक्त त्या दिवसाचेच पैसे.